बाईजाचा हात

बाईजाला आमी अडकवून ठेवलंय असं गावात बोलतात. बोलू दे. खरंच आहे ते, आणि सगळ्यात जास्त मी अडकवलंय.

मी मैना, वैशाखरे गावातल्या आमच्या बचत गटाची अध्यक्ष. जास्त ओरडते म्हणून केलं मला. आमी आठ बाया भाताच्या पेंढ्याचा कागद करतो. पेंढा कापायचा, पिंपात सोडा घालून शिजवायचा, कुटून लगदा करायचा. झाड तोडावं लागत नाय म्हणून मुंबईची मंडळी कौतुकानं फोटो काढतात. त्या पिंपाशी तासभर उभं राहा म्हणावं, डोळे चुरचुरले की कळंल.

कागद काढायचा म्हणजे लगद्याच्या हौदात जाळीचा साचा बुडवायचा, आडवा वर घ्यायचा आणि पाणी गळताना एक झोका द्यायचा. सोपं वाटतं ना? या करायला! माझा कागद एका कडेला भाकरी, दुसऱ्या कडेला पापड. बाईजानं शंभर काढले तरी शंभरही सारखे. तिचाच कागद नमुना म्हणून मुंबईला गेला आणि लग्नपत्रिकांची मोठी ऑर्डर आली. ते लोढणं बाईजाच्या गळ्यात पडलं.

कारण तिची एकुलती एक लेक सारिका सासरी भातसानगरला, पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण आईकडं, ही आमची रीत. सातव्यात ओटी भरून तिला आणायचं ठरलं होतं. पण डॉक्टर म्हणाले, गाडीचे हादरे नकोत, जागची हलू नकोस. मग आईनंच जायला पाहिजे ना? पोरीला सासू नाय, जाऊ नाय, नवरा धरणावर ड्युटीला. रोज तिचा फोन, "आई, कधी येतेस? मला भीती वाटते गो."

बाईजा माझ्याकडं आली. "मैना, महिनाभर सोड मला."

"ऑर्डर झाली की जा," मी म्हटलं. "तू गेलीस तर नमुन्यासारखा कागद काढणार कोण? सात बायांच्या पोटावर पाय देतेस का?"

वाईट बोलले मी. ती परत हौदाशी गेली.

मग तिनं ठरवलं, कागदच बिघडवायचा. मुंबईवाल्यांनी नको म्हटलं की सुटले. साचा वाकडा धरून बघितला, पण इतक्या वर्षांचा हात तो, आपसूक सरळ व्हायचा. शेवटी चिडून तिनं गिरणीतलं भाताचं तूस आणलं आणि मूठभर हौदात टाकलं. वाळल्यावर कागदभर पिवळे ठिपके.

"मैना, नासला गो कागद," ती म्हणाली. किती दिवसांनी हसली होती! "आता जाऊ?"

मी तिला चार शिव्या हासडल्या. पण आतून बरं वाटलं. जाऊ दे बिचारीला, म्हटलं.

दुसऱ्या दिवशी मुंबईहून पत्रिका छापणारी मॅडम आली. तो ठिपक्यांचा कागद उजेडाकडं धरला, फिरवून फिरवून बघितला.

"किती सुंदर! हा भाताचा सोनेरी ठिपका सगळ्या पत्रिकांवर हवा. आणि ऑर्डर दुप्पट करा."

अगं बाई, तूस आहे ते! आमी कोंबड्यांखाली पसरतो!

तूस किती टाकायचं, कधी ढवळायचं, ते बाईजाच्या हातालाच ठाऊक. आमी टाकलं की सगळं एका कोपऱ्यात गोळा. मॅडमला मी तिथंच नाय म्हणू शकले असते. "करतो मॅडम," असं माझ्याच तोंडून गेलं. बाईजानं ते ऐकलं.

आज दुपारी फोन वाजला. बाईजाचे दोन्ही हात लगद्यात, म्हणून मी स्पीकर लावून तिच्यापुढं धरला. सारिकाच होती.

"आई, मुलगी झाली. सकाळीच. तुला लय हाका मारल्या गो."

बाईजाला हुंदका आवरेना. हात तसेच लगद्यात ठेवून रडत होती.

"कधी येतेस?"

बाईजानं माझ्याकडं बघितलं. वीस दिवसांचं काम अजून बाकी होतं. मी खाली बघितलं.

"येते गो बाय, लवकरच येते," बाईजा म्हणाली.

"रोज तेच सांगतेस. मैनामावशीला दे फोन. ती कडू बोलते, पण खोटं नाय बोलत."

फोन माझ्याच हातात होता. दुसऱ्या हातानं मी बाईजाचे हात लगद्यातून बाहेर काढले.

"उद्या येते गो तुझी आई," मी म्हटलं.