कुलूपबंद घरे राहती करणाऱ्या हमीदाआपा

हमीदाआपा होडेकर यांना मी प्रथम पाहिले, तेव्हा त्या आमच्या शहराच्या किनाऱ्यावरील मांडवीतल्या एका बंद घराच्या दारावरची वाळवी झाडत होत्या. घर त्यांचे नव्हते. मालक सलीम कुवेतला असत आणि किल्ली आपांकडे असे. मी व माझी पत्नी सुमती भाड्याची जागा शोधत तेथे पोहोचलो होतो. ज्या इमारतीत आमचा सारा संसार झाला, ती पाडून समुद्र दिसणारे फ्लॅट उभे राहायचे होते. त्यांच्या किमती निवृत्त शिक्षकाच्या आवाक्यातल्या नव्हत्या, आणि रिकाम्या खोल्या पर्यटकांना रोजावर जात होत्या. मुलाने बदलापूरला बोलावले होते.  तेव्हापासून सुमती संध्याकाळी समुद्रावर अधिक वेळ बसू लागली.

आपांनी आमची हकिगत ऐकली आणि तिथल्या तिथे सलीमना स्पीकरवर फोन लावला.

"आपा, पण कूळ लागलं तर? घर जायचं हातचं!"

"अरे, ह्या वयात मास्तर कूळ काय लागतील? लागला तर खोकला लागेल!"

मी समोरच उभा होतो, याची त्यांनी फिकीर केली नाही.

भाडेकरू कूळ म्हणून घरावर हक्क सांगेल, ही मालकांची भीती हेच आपांच्या कार्याचे मूळ होय. एकीकडे मुंबईला वा आखातात गेलेल्यांची घरे ओलीने व वाळवीने खचतात. दुसरीकडे परिचारिका, एस.टी.चे वाहक, नवे शिक्षक यांना परवडेल असे छप्पर मिळत नाही. आपांनी तोडगा काढला तो माहेरच्या रीतीतून. त्यांचे वडील व चुलते जहाजावर असत. जो परत येई त्याला माजघर मिळे, बाकीचे पडवीत सरकत आणि चूल एकच राही. आपांनी हीच रीत अकरा महिन्यांच्या नोंदणीकृत करारात घातली. भाडे पगाराला झेपेल एवढे. मालक सुट्टीत आला की माजघर त्याचे. मध्यस्थीचा मोबदला त्या घेत नाहीत. गृहनिर्माणावरच्या सभांत नव्या बांधकामाचीच चर्चा रंगते, तेव्हा आपा उठून विचारतात, "आणि बांधून ठेवलेल्यांचं काय?"

कराराचा मसुदा त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. मी तो निर्दोष मराठीत सिद्ध केला. वाचून त्या म्हणाल्या, "मास्तर, चूक एक नाही, पण हे वाचून सलीमला ताप भरेल." अर्धा मसुदा त्यांनी खोडला. उरलेला अधिक चांगला होता, हे मी येथे नमूद करतो. त्यावर सह्या झाल्या आणि पावसाळ्यापूर्वी आम्ही सलीमच्या घरात राहायला गेलो.

पुढच्या मे महिन्यात सलीम सहकुटुंब आले, ते घर विकण्याच्या विचारानेच. बिल्डरने बोलावले होते. आपांनी विनवणी केली नाही, "घर तुझं, निर्णय तुझा. आधी राहून तर बघ," एवढेच त्या म्हणाल्या. सलीम माजघरात राहिले, आम्ही पडवीत. त्यांची मुले सकाळी सुमतीच्या घावण्यांसाठी चुलीपाशी रांग लावत. भिंतींवर हात फिरवून सलीम आपांना म्हणाले, "अख्खा पावसाळा काढूनसुद्धा ओल नाही हो!"

पुढे एके दिवशी ते बिल्डरकडे गेले. आम्ही काय ते समजलो आणि सामान बांधू लागलो. सलीम परतले, तेव्हा आपाही सोबत होत्या.

"मास्तर, कुठं चाललाव?" सलीमनी विचारले.

"घर मोकळे करून देत आहोत."

"नि पोरांना घावणे कोण घालणार? आपा, तुम्हीच सांगा यांना."

"मी कशाला? मालक तू. तोंड उघड की!"

सलीम ओशाळून हसले. "बिल्डरला नाही म्हणून आलोय. पुढचा करार करू या."

सुमती बांधलेल्या गाठोड्यावरच बसली. डोळे पुसत तिने मला दरडावले, "बघत काय राहिलात? भांडी सोडा आधी!" आपा पदर खोचून तिच्या मदतीला बसल्या. त्या सायंकाळी सर्वांचा चहा गाठोड्यातून सोडलेल्या एकाच पातेल्यात झाला.

अशी सुटका अनुभवलेली अनेक कुटुंबे आज या शहरात निर्धास्त झोपतात. त्या सर्वांच्या वतीने मी हे लिहीत आहे. आपांनी पंचाहत्तरी गाठली. त्यांचे गुडघे, त्यांची दृष्टी आणि विशेषतः त्यांची जीभ अशीच शाबूत राहोत. त्यांच्या शतकपूर्तीच्या समारंभाला आम्ही उभयता मांडवीहून पायी येऊ.