चव नसलेलं पाणी

त्या बाटलीत काहीच नव्हतं आणि काहीच नसणं हेच तिचं काम होतं. हे मला माहीत नव्हतं असं म्हणायची सोय नाही. धुळ्याच्या कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी वीसेक वर्षं सहायक आहे. बाटल्या धुणं, लेबलं लावणं, पाणी गाळणं ही सगळी माझीच कामं.

आमच्या विभागात आलेल्या मॅडम आधी समुद्रावर काम करायच्या. होडीतून जाऊन खाऱ्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या आणि त्या पाण्यात कोणकोणते मासे येऊन गेले ते शोधायच्या. मासा पकडायचा नाही, बघायचाही नाही. त्याच्या अंगावरून सुटलेले बारीक कण पाण्यात राहतात, त्यांतला डीएनए तपासायचा. इकडे आल्यावर त्या म्हणाल्या, "समुद्र नाही तर नाही, भाऊ. नद्या आहेत ना?" मला त्यांचं कौतुक वाटायचं. खानदेशात एप्रिलात नदी शोधायला धाडस लागतं.

पिंपळनेरच्या पश्चिमेला, डोंगरातून उतरणाऱ्या एका नाल्यावर एक डोह आहे. बाकी पात्र वाळून जातं, तिथे मात्र उन्हाळाभर पाणी असतं. गावातले एक आबा सांगायचे, त्या डोहात मोठ्या खवल्यांचा सोनेरी मासा अजून आहे. पुस्तकात त्याला महाशीर म्हणतात. इतर कुणी तो कित्येक वर्षांत पाहिला नव्हता. नाल्याच्या खोलीकरणात त्या डोहाचा तळ मशीन लावून उपसायचं ठरलं होतं. मासा आहे असं कागदावर आलं, तर डोह वगळायला अभियंता साहेब तयार होते. नाही आलं, तर नाही. डोहाचं सगळं आमच्या चार बाटल्यांवर होतं.

तीन बाटल्या डोहाच्या पाण्याच्या. चौथीत आम्ही नेलेलं शुद्ध पाणी. ती डोहाच्या काठावर उघडायची, त्याच हातमोज्यांनी हाताळायची, त्याच बर्फाच्या पेटीतून आणायची. तिला ब्लँक म्हणतात. ब्लँकमध्ये मासा सापडला तर समजायचं, तो डोहातला नाही, आमच्याच हातातून आला. आणि आमच्या हाताचा भरवसा नव्हता, कारण त्याच पेटीतून आधी मी धरणावरून या माशाचा एक तुकडा आणला होता, डीएनए जुळवून बघायला. पेटी मीच धुतली होती. चांगली धुतली होती, असं मला वाटतं.

त्या दिवशी मॅडम खालच्या बंधाऱ्यावर थांबल्या आणि मला आबांबरोबर वर पाठवलं. तासभर चढण होती. अकरालाच दगड तापले होते. माझ्या पिण्याच्या बाटलीतलं पाणी मी वाटेतच संपवलं. आबांना विचारलंसुद्धा नाही.

डोहाशी पोचल्यावर मी त्यांना बजावलं, "आबा, पाण्याला हात लावायचा नाही. माझं होईपर्यंत काठावर पायसुद्धा नको."

ते करंजाच्या सावलीत बसले. सत्तरी ओलांडलेला माणूस. थोड्या वेळाने त्यांना तहान लागली. म्हणाले, "भाऊ, माले तीस लागनी. झिरा खंदू का आठे? दोन मिनिटनं काम शे."

पात्रातल्या वाळूत हातभर खड्डा केला की निवळ पाणी झिरपतं, तोच झिरा. तिकडचे लोक तेच पितात. पण वाळू हलली की गाळ डोहात उतरणार. माझ्या तिन्ही बाटल्या भरायच्या बाकी होत्या. मी नको म्हणालो.

"डोह आम्हना, आनी आम्हीच तिशे बठूत?" ते हसले, पण ओठ कोरडे पडले होते. उठायला गेले आणि झाडाला धरून पुन्हा खाली बसले.

आमच्याकडे दारात आलेल्या अनोळख्यालाही आधी पाण्याचा तांब्या देतात, मग नाव विचारतात. माझी आई तर पोस्टमनला पाणी पाजल्याशिवाय पत्र हातात घेत नसे. मी ब्लँकची बाटली उघडून त्यांच्या हातात दिली.

निम्मी पिऊन त्यांनी बाटली डोळ्यांसमोर धरली. "हाई कसं पानी शे भाऊ? चवच नही येले."

"प्या आबा. साफ पाणी आहे."

"इतकं साफ पानी मासाले चालाव नही," म्हणत त्यांनी उरलेलं संपवलं. मग मी डोहाच्या तिन्ही बाटल्या भरल्या.

इथपर्यंत मी काही वाईट केलं असं मला आजही वाटत नाही. वाईट पुढे केलं. खाली आल्यावर मॅडमनी विचारलं, "ब्लँक घेतला ना?" आणि मी म्हणालो, "हो." का म्हणालो? त्या मला सारखं सांगायच्या, "भाऊ, तुमच्या हाताला चूक माहीत नाही." ते ऐकायची मला सवय लागली होती. दुपारी कॉलेजात पोचल्यावर मी ती बाटली धुतली, प्रयोगशाळेतल्या कॅनमधलं शुद्ध पाणी भरलं आणि फॉर्मवर डोहाचं नाव लिहून खूण केली. सगळं मिळून पाच मिनिटं लागली.

तीन आठवड्यांनी तपासणीचा निकाल आला. तिन्ही बाटल्यांत महाशीर. ब्लँक स्वच्छ. स्वच्छ असणारच होता.

मॅडमनी अभियंता साहेबांना फोनवर कळवलं आणि विभागात पेढे वाटले. मला दोन दिले. ते मी रुमालात बांधून घरी नेले आणि तसेच राहू दिले. अहवालात त्यांनी लिहिलं होतं, ‘डोहाच्या काठावर उघडलेला ब्लँक निर्दोष आहे.’ ते वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. मासा डोहातला होता की माझ्या पेटीतला, ते सांगणारं एकच पाणी होतं आणि ते आबांच्या पोटात गेलं होतं.

डोहाचा निर्णय साक्रीच्या बैठकीत व्हायचा होता, तिकडे आम्ही जीपने निघालो. कुसुंबा गेलं, नेर गेलं. मॅडम अहवालाची पानं चाळत होत्या. मला वाटलं, आता नाही बोललो तर आयुष्यभर बोलणार नाही.

"मॅडम, तो ब्लँक डोहावरचा नाही."

त्यांनी मान वर केली नाही. "म्हणजे?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी जीप बाजूला घ्यायला लावली, खाली उतरल्या आणि रस्त्याकडेला पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. ट्रक जात होते. परत आल्या तेव्हा आवाज अगदी हळू होता.

"आबांना पाणी दिलंत, ते मीही दिलं असतं. पण त्याच दिवशी सांगितलं असतंत, तर दुसऱ्या दिवशी सकाळी आपण परत गेलो असतो, भाऊ. तेव्हा डोह भरलेला होता."

 

बैठकीत त्यांनी उभं राहून सांगितलं की हा निकाल धरता येणार नाही, पुन्हा पाणी तपासावं लागेल. माझं नाव घेतलं नाही, "आमच्याकडून चूक झाली" म्हणाल्या. अभियंता साहेब हसले. "मॅडम, फोनवर तर मासा होता. बैठकीपर्यंत कुठे गेला? पोहत?" लोकही हसले. आबा मागे बसले होते, ते हसले नाहीत. साहेबांनी शेवटी पंधरा दिवस दिले.

दुसऱ्याच दिवशी नवीन पेटी घेऊन आम्ही आबांबरोबर वर गेलो. डोह निम्म्याहून कमी उरला होता, पाणी हिरवं आणि कोमट. आबांनी येताना खांद्यावर पाण्याचा कॅन आणला होता. "आज मी मन्हं पानी लई उनू. तुम्हनं ते तुम्हलेच राहू द्या." त्यांनी आधी मला प्यायला लावलं, मग मॅडमना. मग मी दोघांच्या देखत नवीन पेटीतला ब्लँक उघडला.  मॅडम बघत राहिल्या.

मॅडमनी निकाल मुदतीआधीच मागवून घेतला. या वेळी ब्लँक स्वच्छ आला. डोहाच्या तिन्ही बाटल्यांतही महाशीर नव्हता.

मॅडम म्हणाल्या, कण सापडले नाहीत म्हणजे मासा कधीच नव्हता असं ठरत नाही. तापलेल्या पाण्यात कण टिकत नाहीत. मासाही त्या तीन आठवड्यांत मेला असेल, कुणी धरला असेल. किंवा पहिल्या वेळी तो पेटीतलाच असेल. यातलं खरं काय, ते आता कोणत्याच तपासणीने कळणार नाही. मशीनला मात्र या शंकांशी देणंघेणं नव्हतं. मुदत संपल्यावर ते डोहात उतरलं.

मी आबांना भेटायला एकटाच गेलो, पिंपळनेरपर्यंत एसटीने आणि पुढे पायी. काय सांगायचं ते ठरवून गेलो होतो. आबांनी ते पूर्ण होऊ दिलं नाही.

"मासा व्हता, भाऊ. मी देखेल शे. तुम्हनी बाटलीले तो दिखना नही, त्याले मी काय करू?" मग म्हणाले, "त्या दिनले मी पानी मांगं नसतं, तर?"

ही शंका त्यांच्या मनात यावी, याची मला सगळ्यात जास्त लाज वाटली. "पाण्याने काही झालं नाही, आबा," मी म्हणालो. "मी खोटं बोललो, त्याने झालं."

त्यांनी मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, मला कळलं नाही. घरातून सून तांब्या घेऊन आली. आबांनी तो तिच्या हातून घेतला आणि माझ्यापुढे धरला.