दाजींचं न लिहिलेलं मानपत्र

बेळगावापासून निपाणीपर्यंत आमच्या दाजींइतका मन लावून न लिहिणारा लेखक दुसरा नाही, हे मी पैजेवर सांगतो. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या आक्काचे यजमान. नोकरी त्यांनी कधी धरली नाही. शाळांच्या स्मरणिका, निवृत्तांची मानपत्रं, कन्नड परिपत्रकांचं मराठी, जे येईल ते लिहून द्यायचं, हाच धंदा. माझं शहापुरात डीटीपीचं दुकान. त्यांनी लिहायचं आणि मी टाइप करून छापायचं, अशी आमची वाटणी. त्यामुळे माझं निम्मं आयुष्य दाजींची वाट बघण्यात गेलं. एकदा सदलग्याच्या एका शाळेसाठी दोन पानं लिहायची होती. शाळेसमोरचं झाड चिंचेचं की कडुनिंबाचं, याचा खुलासा झाल्याशिवाय पहिलं वाक्य सुचेना म्हणून दाजी चिकोडीत बस बदलून सदलग्याला जाऊन आले. झाड निघालं आंब्याचं. मग सगळा विचार मुळापासून बदलावा लागला आणि त्यात पंधरवडा गेला. स्मरणिका निघाली तेव्हा गॅदरिंगचा मांडवसुद्धा सोडून नेला होता.

आक्का म्हणते, "ह्यास्नी लिव्हायचं असलं की माझं घर आरशावानी हुतंय." खोटं नाही ते. मुदतीच्या दिवशी दाजी पाण्याची टाकी घासतात, तांदूळ निवडतात, माळ्यावरची भांडी काढून पुसतात आणि आपलं संपलं की शेजाऱ्यांचा पंखा पुसायला जातात. गिऱ्हाईक दारात उभं राहिलं तरी ते डगमगत नाहीत. "शेवटचं वाक्य झालंय मालक, लई झकास झालंय. आता त्याच्या आदलंच तेवढं ऱ्हायलंय." ऐकणारा खूश होऊन परत जातो. सबब रचायला एवढं डोकं चालवता, तेवढ्यात मानपत्र झालं असतं, असं मी शंभरदा सांगितलं असेल. पालथ्या घड्यावर पाणी.

उद्यमबागेतल्या लोखंड ओतणाऱ्या एका फाउंड्रीतले एक अण्णा निवृत्त व्हायचे होते. समारंभ सकाळी अकराला आणि दहा वाजता दाजी माझ्या दुकानात हात हलवत हजर. कागद कोरा होता. माझ्याकडे नुसत्या वेलबुट्टीची किनार छापून फ्रेम तयार होती. तीच वरून शाल पांघरून न्यावी, ही अक्कल माझी, हे आधीच कबूल करतो. दाजींनी स्टेजवर शाल काढली, काचेची बाजू आपल्याकडे धरली आणि त्या कोऱ्या कागदावरून दहा मिनिटं मानपत्र वाचलं. असं मानपत्र मी जन्मात ऐकलं नव्हतं. साचे बनवणारे आडदांड मोल्डर लोक डोळे पुसत होते. पहिल्या रांगेत अण्णांच्या मंडळींनी पदर तोंडाला लावला. अण्णा दाजींकडे न बघता बायकोकडेच बघत बसले होते. टाळ्या संपायच्या आत दाजींनी फ्रेम काखोटीला मारली आणि "एक अक्षर चुकलंय, दुरुस्त करून देतो" म्हणून आम्ही सटकलो. मोटारसायकलवर हसून हसून पुरेवाट झाली.

पंधरा दिवसांनी नवरा-बायको दुकानात आली. बोलायची तीच. "सर, आमच्या ह्यांचा तेवढा कागूद झाला काय?" दाजींची खरी अडचण अशी की त्या दिवशी आपण काय बोललो, ते त्यांना आठवेना. मी म्हटलं, काहीही लिहा, कोण ताडून बघतंय? दाजी म्हणाले, "तसं न्हाय रं. मानसं रडलीत त्याला. तेच लिव्हाय पायजे." आळसाला आता तत्त्वाचा टेकू मिळाला. ती दोघं पाच-सहा वेळा तरी आली. बाई कधी चिडली नाही. एकदा तर येताना ओल्या शेंगा घेऊन आली. शेंगा आम्ही खाल्ल्या आणि कागद पुढच्या आठवड्यावर ढकलला.

मग बरेच दिवस कुणी आलं नाही. एका दुपारी अण्णा एकटेच आले. दाजींनी नेहमीप्रमाणे शेवटच्या वाक्याची सबब सांगितली. अण्णांनी मान हलवली आणि कागदासाठी हात पुढे केला. दाजींनी आणखी लांबण लावली. हात तसाच राहिला.

"मला ऐकू येत न्हाय सर," अण्णा म्हणाले. "कारखान्यात कान गेले. हिच्या ओठावरनं कळायचं, आन् बोलायची तीच, म्हनून कुनाला पत्ता लागला न्हाय. तुमी त्या दिवशी वाचलासा, त्यातलं मला काय बी ऐकू आलं न्हाय. ही रडलेली तेवढी दिसली. घरात इचारलं तर म्हनली, मला तसं सांगाय जमायचं न्हाय, कागूद आला की वाचा." पुढे केलेला हात मागं घेत ते म्हणाले, "गेल्या म्हैन्यात ही गेली."

दाजी माझ्या स्टुलावर बसले. चहा मागितला नाही, पेन बदललं नाही, एका बैठकीत पान भरून दिलं. मी टाइप करून छापलं आणि फ्रेममध्ये घातलं. अण्णांनी काचेवर बोट फिरवत ओळन् ओळ वाचली आणि मान वर करून विचारलं, "ही कुठल्या वळीला रडली वो?"

दाजींनी माझ्याकडे बघितलं. मी खाली कीबोर्डकडे बघत राहिलो. दाजींनी एका ओळीवर बोट ठेवलं: 'सारा जन्म तापलेल्या लोखंडापाशी उभे राहूनही आपण घरात कधी तापून बोलला नाहीत.'

अण्णांनी ती दोनदा वाचली. "तापत हुतो की. लगीन झाल्यावर लई वर्सं तापत हुतो. असं तिनं सांगितलं व्हय तुमास्नी?"

दाजींनी होय म्हणून मान हलवली. अण्णा फ्रेम छातीशी धरून बसस्टॉपकडे गेले.

मला त्या दिवशी दाजींचा राग आला आणि त्याहून जास्त स्वतःचा. ती बाई आली होती तेव्हाच एक पान दिलं असतं तर तिनं ते शेजारी बसून नवऱ्याला वाचायला लावलं असतं, कुठं रडली ते स्वतः दाखवलं असतं. एवढंच काम होतं आमचं.

दाजी अजून उशीरच करतात, टाकी अजून घासतात. पण लिहिता लिहिता मधेच थांबून विचारतात, "काय म्हनलतो रं मी त्या दिवशी?" मी त्यांच्या शेजारी उभा होतो, शब्दन् शब्द ऐकला होता, माझ्याही डोळ्यांत पाणी आलं होतं. मलाही त्यातलं एक वाक्य आठवत नाही.