होडीतलं वजन

"आधी शीड धुवा, मग हिला," साहेब म्हणाले.

मी पाण्यात उतरणाऱ्या सिमेंटच्या उतारावर उकिडवी बसले होते. अंगातून पाणी गळत होतं, दात वाजत होते, नाकातोंडात धरणाचा गाळ होता. थोड्याच वेळापूर्वी उलट्या होडीखाली मी मरता मरता वाचले होते. साहेबांच्या खांद्यावर क्लबचा पांढरा टॉवेल, हातात चहाचा कप. त्यांना दिसत होता तो शिडाला लागलेला चिखल. तो वाळला की डाग जात नाही म्हणे.

पाइप माझ्या मावशीच्या हातात होता. सख्ख्या मावशीच्या. क्लबच्या स्वयंपाकघरात भांडी घासणं, मेंबरांना वाढणं, रविवारी होड्या धुणं ही सगळी कामं तिच्याकडे. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. आधी शीड धुतलं. वरपासून खालपर्यंत, एकही दुमड न सोडता. मग पाइप माझ्याकडं वळवला. गार पाणी फाडकन तोंडावर बसलं. मागच्या इमारतीत मेंबर बायकांसाठी गरम पाण्याच्या न्हाण्या होत्या. आम्ही तिकडं जायचं नाही असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती.

"डोळं झाक," मावशी हळूच म्हणाली. "चिखूल जाईल डोळ्यात."

 मी डोळे झाकले. मला लाज वाटली, पण खरं सांगते, लाजेपेक्षा भीती जास्त होती. साहेब रागावतील याची भीती. मावशीचं काम जाईल याची भीती. आणि पुढच्या रविवारी पुन्हा त्या होडीत बसावं लागेल याची भीती. मरणाच्या दारातून आलेली पोरगी, आणि घाबरतेय कुणाला, तर चहा पिणाऱ्या माणसाला.

मी भाजे गावची. आमच्या गावातून लोहगडाच्या अंगानं डोंगर ओलांडला की पलीकडे धरण लागतं. मावशीचं घर त्या धरणाच्या काठाला. बारावी झाल्यावर मी तिच्याकडे राहायला आले, कारण क्लबनं फलक लावला होता. आसपासच्या गावांतल्या मुलींना शिडाची होडी मोफत शिकवणार. क्लब मेंबरांचा, मेंबर पुण्या-मुंबईचे. शनिवारी गाड्या यायच्या, रविवारी संध्याकाळी जायच्या. काठाची जागा सरकारी, त्यांना वापरायला दिलेली. पाटबंधारे खात्याचे अधिकारी पाहणीला आले की गावासाठी काय करता ते दाखवावं लागायचं. दाखवायला आम्ही होतो. हे मला नंतर कळलं.

मला पाण्याची भीती होती. आमच्याकडे पोरं पावसाळ्यात ओढ्यात डुंबतात आणि पोरी काठावर त्यांचे कपडे सांभाळतात. विहिरीत नुसतं डोकावलं तरी आई वेणी धरून मागं ओढायची. मग मी कशाला गेले म्हणाल, तर सांगते. एकदा मावशीचा डबा द्यायला क्लबवर गेले होते. रिया नावाची एका मेंबरची मुलगी, माझ्याच वयाची, एकटी होडी घेऊन काठाकडे येत होती. इंजिन नाही, वल्हं नाही. एका हातात सुकाणूचा दांडा, दुसऱ्या हातात शिडाची दोरी. वारा अंगावर आला तशी तिनं दांडा जरासा ढकलला आणि अख्खी होडी तिच्या मनासारखी वळली. तिच्या चेहऱ्यावर कसलंच भय नव्हतं. मला तो दांडा हवा होता. माझ्या जन्मात दुसरं काही इतकं हवंसं वाटलं नव्हतं.

पहिल्या दिवशी साहेबांनी आम्हा पोरींना ओळीत उभं केलं. साहेब म्हणजे क्लबचे प्रमुख. मेंबर त्यांना कमोडोर म्हणत, आम्ही साहेब. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. बाजारात शेळी बघतात तसं.

"तू चांगली भरलेली आहेस," ते म्हणाले. "जोराच्या वाऱ्यात तू माझ्या होडीत."

मी खूश झाले. वाटलं, माझी निवड झाली. झालीच होती म्हणा. वारा जोराचा असला की शिडाची होडी एका अंगाला कलते. मग दुसऱ्या अंगाच्या कडेवर बसायचं, पाय आतल्या पट्ट्यात अडकवायचे आणि पाठ पाण्यावर टाकून बाहेर लोंबकळायचं. बाहेर जितका भार जास्त, तितकी होडी सरळ राहते, आणि सरळ होडी पळते. सुकाणू साहेबांकडे. दोरी साहेबांकडे. बाहेर लोंबकळायला मी. शर्यत साहेब जिंकायचे.

मला नावानं कुणी हाक मारत नव्हतं. "वजन कुठंय? वजनाला बोलवा," असा पुकारा व्हायचा. मेंबर हसायचे.  दर रविवारी सकाळी भीतीनं स्वयंपाकघराच्या मागं जाऊन ओकायचे, चूळ भरायचे आणि बुडू न देणारं जॅकेट चढवून जायचे. डोकं पाण्याला टेकेल इतकं मागं झुकताना मी डोळे घट्ट मिटून घ्यायचे. होडी शिकायला आलेली मुलगी, जिनं आपण बसलेली होडी कधी चालताना बघितलीच नाही.

मेंबरांच्या मुलांचं शिकणं वेगळं. त्यांना फळ्यावर चित्रं काढून शिकवायचे. मग छातीइतक्या पाण्यात नेऊन होडी मुद्दाम उलटी करायला लावायचे. खाली सापडलं तर घाबरायचं नाही, बाहेर कसं यायचं, सगळं पुन्हा पुन्हा करून घ्यायचे. त्या वेळात आम्ही सरबताचे ग्लास भरायचो. एकदा धीर करून विचारलं.

"साहेब, आमाला कधी शिकिवनार उलटी होडी?"

"तुला कशाला? मी उलटू देणारच नाही."

"आन सुकानू?"

"पुढच्या सीझनला बघू. आधी नीट बसायला शीक."

आमच्याकडे विहिरीतला गाळ काढायला माणूस उतरतो तेव्हा कमरेला दोरी बांधतो. दोरी बांधल्याशिवाय कुणी उतरूच देत नाही. वर बाया उभ्या असतात, त्यासुद्धा आधी तेच विचारतात. दोरी म्हणजे जीव, हे आमच्या अंगात लहानपणापासून मुरलेलं. त्या दिवशी वारा लय होता. पाणी काळं पडलं होतं. मी होडीत बसले, पुढच्या टोकाला काठाशी बांधायची दोरी असते ती घेतली आणि जॅकेटच्या खाली कमरेला आवळून बांधली. पक्की गाठ मारली. मग जरा जिवात जीव आला. साहेबांनी बघितलं नाही. ते वाऱ्याकडे बघत होते.

काठ जवळ आला असताना वारा एकदम फिरला. होडी माझ्याच अंगावर कोसळली.

आधी काहीच कळलं नाही. मग कळलं की मी होडीच्या खाली आहे. हिरवा काळोख. डोकं वर आपटलं, तिथं वीतभर हवा होती. जॅकेट मला वर दाबत होतं आणि दोरी मला धरून होती. बाहेर निघायला खाली बुडी मारायला हवी होती, पण दोरी बुडूच देईना. मी ओरडले. माझा आवाज माझ्याच कानात बसला. तेवढ्यात क्लबची मोटरबोट आल्याचा आवाज झाला. पातळ लाकडाच्या पलीकडून बोलणं ऐकू येत होतं.

"सर, तुम्ही ठीक आहात ना? ती कुठंय?"

"असेल इथंच. जॅकेट आहे तिला," साहेबांचा आवाज. "डोलकाठी गाळात रुतलीय, जपून ओढा. शीड नवीन आहे."

हे शब्द मी होडीखाली ऐकले. अजून ऐकते. मला वाटलं, संपलं. आईची फार आठवण झाली. गाठ भिजून आवळली होती, नखांना दाद देईना. मग मी श्वास सोडला, पोट आत घेतलं आणि तो फास खाली ढकलायला लागले. भरलेली ना मी, निघेना. कातडं सोलत सोलत तो मांड्यांवरून उतरवला, पायानं झाडला, खाली बुडी मारली आणि बाहेर आले. मला कुणी काढलं नाही. मी निघाले.

त्यानंतर ते शीड धुणं. ते मी आधीच सांगितलं.

घरी मावशीनं कमरेवरच्या वळांना हळद-तेल लावलं. 

"साहेबास्नी काय बोलू नगंस," ती म्हणाली. "माजं काम हाय तितं. तू आपली भाज्याला जा."

गेले असते. पण दुसऱ्या दिवशी माझं राहिलेलं सामान आणायला क्लबवर गेले तेव्हा रिया भेटली. पोरगी मनानं वाईट नव्हती. काय झालं ते विचारलं, मी दोरीचं सांगितलं. तिनं कपाळाला हात लावला.

"अगं, होडीत स्वतःला कधीच बांधायचं नसतं! हे तर पहिल्याच दिवशी सांगतात."

"आमाला न्हाई सांगितलं."

"असं कसं? सगळ्यांनाच सांगतात."

सगळ्यांना. मी तिथंच पायरीवर बसले. पाण्याखाली घाबरले नव्हते इतकी तेव्हा घाबरले. म्हणजे माझा जीव कशानं वाचेल हे त्यांना माहीत होतं. त्यासाठी एक वाक्य पुरलं असतं. ते वाक्य माझ्यावर खर्च करावं असं एकालाही वाटलं नाही. माणसाला शिकवतात. वजनाला कोण शिकवतो? त्या पायरीवर माझ्या आत काहीतरी उलटलं ते आजवर सरळ झालेलं नाही. मी भाज्याला गेले नाही.

पाहणीचा दिवस आला. खात्याचे अधिकारी, पाहुणे, खुर्च्या, शामियाना. मागं मोठा बॅनर, त्यावर मी. होडीबाहेर लोंबकळणारी, डोळे मिटलेली. भीतीनं मिटलेले ते डोळे बॅनरवर आनंदानं मिटल्यासारखे दिसत होते. काठाशी उथळ पाण्यात साहेबांची होडी शीड चढवून तयार होती.

"चल, वजन," साहेब पाहुण्यांकडे हसत म्हणाले. "या आमच्या स्थानिक विद्यार्थिनी."

  मी जागची हलले नाही.

"मी वजन न्हाई. सुकानू माज्या हातात द्या. आन आदी उलटी होडी शिकवा. मग बसते."

साहेबांचं हसू तसंच राहिलं. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "मावशी इथंच काम करते ना तुझी?"

मावशी ट्रे घेऊन खुर्च्यांमागं उभी होती. तिनं ऐकलं. तिचा चेहरा पांढरा पडला.

"बस गं बाय," ती म्हणाली. "एकडाव बस. माज्यासाटी."

हे सगळ्यात अवघड होतं. साहेबांना नाही म्हणणं सोपं म्हणावं इतकं अवघड. मी मावशीकडे बघितलं आणि नाही म्हणून मान हलवली. मग पाण्यात उतरले. पाणी छातीला लागलं. मी कमरेला काही बांधलं नाही. होडीची कड दोन्ही हातांनी धरली, वर चढले आणि माझा सगळा भार एका बाजूला टाकला. त्यांनीच शिकवलं होतं ना, भार कुठं टाकायचा. होडी कलली. शीड पाण्यावर आपटलं. मी आणखी रेटलं. होडी पुरती उलटली आणि मी तिच्याखाली गेले.

तोच हिरवा काळोख. तीच वीतभर हवा. खाली जमीन होती हे माहीत होतं, तरी छाती फुटेल असं वाटत होतं. मी ओरडले नाही. श्वास घेतला, बुडी मारली, दुसऱ्या बाजूनं बाहेर आले. समोर सगळे उभे राहिले होते. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. साहेब शिडाकडे बघत होते.

"हे पयल्या दिवशी शिकवायचं असतं," मी म्हणाले. "सगळ्यांना."

मला हाकललं. मावशीलाही. तिनं ट्रे खाली ठेवला, पदरानं हात पुसले आणि एकटीच घरी गेली. आता ती एका बंगल्यात स्वयंपाक करते. माझ्याशी बोलते, पण पहिल्यासारखी नाही. तिचं चुकत नाही. माझ्या नकाराची किंमत तिनं मोजली, आणि तिला मी विचारलंही नव्हतं. हे ओझं मी खाली ठेवणार नाही. पण तो नकारही मागं घेणार नाही.

होडीचं सुकाणू मी अजून धरलेलं नाही. पाण्याची भीती गेलेली नाही. धरणाच्या बाजूनं एसटी वळली की मी अजून डोळे घट्ट मिटते. भीती जाईल मग उभी राहीन, असं म्हणत बसले असते तर म्हातारी झाले असते.

यंदा क्लबनं पुन्हा फलक लावलाय. मुली हव्यात. मी त्यांच्या आधी घरोघर जाते. होडीखाली काय ऐकलं ते सांगते, कमरेवरचे व्रण दाखवते. पोरींना शिकू नका असं मी म्हणत नाही. जा म्हणते. पण पहिल्या दिवशी उलटी होडी मागा आणि दुसऱ्या दिवशी सुकाणू. तोवर पाय ठेवायचा नाही, एकीनंही नाही.

परवा एकीच्या आईनं विचारलं, "आन त्यांनी न्हाई म्हनलं तर?"

"तर त्यांची होडी काठावर ऱ्हाईल," मी म्हणाले. "आमी बी हितंच हाव, काठावर. कुटं जात न्हाई."