स्टेशन किती लांब?

लढाईच्या दिवसांत मी रहिमतपूरच्या शाळेत मास्तर होतो, तेव्हा माझ्या शेजारच्या वर्गावर एक गुरुजी होते. त्यांचा वर्ग शाळेत कमी आणि रस्त्यावर जास्त. पोरांना ते स्टेशनपर्यंत चालवत नेत, कधी मोकळ्या हातांनी, कधी भरलेली कळशी देऊन. पोचल्यावर घड्याळ काढून विचारत, "आज का रं उशीर झाला?" नेमकं कारण सांगितल्याशिवाय परत फिरायचं नाही. मला हे निव्वळ खूळ वाटे.

एकदा तपासणीला साहेब आले. गुरुजींच्या वर्गात एका मुलीला त्यांनी विचारलं, "स्टेशन तीन मैल. चालत किती वेळ लागेल?"

मुलगी म्हणाली, "एकली जाऊ का आजीसंगं?"

वर्गातलं कुणी हसलं नाही. दारात उभा असलेला मी हसलो.

तोच प्रश्न साहेबांनी माझ्या वर्गात विचारला. "एक तास!" सगळी पोरं एका सुरात ओरडली. गुरुजींच्या नावावर शेरा पडला, 'मुलांना साधे गणित येत नाही.' त्यांची ठरलेली हेडमास्तरकी माझ्याकडे आली.

शेरा वाचून गुरुजींनी शांतपणे घड्याळाला किल्ली दिली.

"त्यांचं काय चुकलं न्हाई," ते मला म्हणाले. "साहेब टांग्यानं आलते."