ताळेबाई

घराला कुलूप लावून बाई निघाल्या की पिठाच्या गिरणीपर्यंत जायच्या आणि थांबायच्या. मग परत यायच्या, कुलूप ओढून पाहायच्या आणि स्वतःशीच म्हणायच्या, "ताला लावला, आता ताळाही पाह्यला." गडचिरोलीतल्या आमच्या गल्लीत त्यांना सगळे ताळेबाई म्हणत. गणिताच्या शिक्षिकेला हे नाव किती शोभतं, ते मला फार उशिरा कळलं. मी इंग्रजी शाळेतली. उत्तर तपासून पाहण्याला मराठीत ताळा म्हणतात, हेच मला ठाऊक नव्हतं.

दहावीच्या पहिल्या सराव परीक्षेत मी गणितात नापास झाले. दोन चलांतील समीकरणांनी माझा घात केला होता. वर्गात न समजलेलं विचारायला तोंड उघडावं लागतं, आणि ते मला कधीच जमलं नाही. बाबांनी चिडचिड केली नाही, त्याचीच जास्त भीती वाटली. त्यांनी मला गुपचूप बाईंच्या दारात नेऊन सोडलं. बाई एका शाळेत तासिका तत्त्वावर शिकवायच्या आणि पक्क्या नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत होत्या.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर दोन समीकरणं लिहिली, एक्सवर खडू टेकवला आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "चल?"

मी दप्तर उचललं आणि उभी राहिले.

"काऊन वं? कुठी चालली?"

"तुम्ही चल म्हणालात, मॅडम."

बाई इतक्या हसल्या की पदराने डोळे पुसावे लागले. "मॅडम शाळेत. इथी बाई म्हण. अन् या एक्सले चल म्हणते. तुह्या इंग्लिशमंदी व्हेरिएबल. हा एका जागी ठरत नाई, म्हणून चल. एक समीकरण त्याले नुसतं फिरवत राह्यते. दुसरं आलं का मंग दोघं मिळून त्याले जागेवर बसवते."

मीही बसले.

एका चलाचा लोप कसा करायचा, हे त्या कोंबड्या-शेळ्यांवरून शिकवत. तेरा डोकी, छत्तीस पाय, तर शेळ्या किती? त्यांच्या गणितात रेल्वे आणि बोटी कधी आल्या नाहीत. वजाबाकीत चिन्ह बदलायला मी हटकून विसरायची. त्या म्हणायच्या, "वजाचं चिन्ह दारात उभं राह्यलं का घरातल्या साऱ्याइचं तोंड फिरते. एकाचंच फिरवून कसं चालन?"

मला गणित हळूहळू यायला लागलं, पण माझी खोड वेगळीच होती. प्रत्येक ओळ लिहिली की मी मान वर करून त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची. भुवई हलली की ओळ खोडायची, ओठ हलले की पुढे जायची.

"माह्या तोंडाकडं काऊन पाहून राह्यली? उत्तर माह्या तोंडावर लिहून हाये का?"

दुसऱ्या दिवसापासून त्या सूप घेऊन माझ्याकडे पाठ करून बसू लागल्या. तांदूळ निवडत राहायच्या आणि मी त्यांच्या पाठीकडे बघत घाम पुसायची. "बाई, बरोबर आहे का?" असं विचारलं की सुपातून उत्तर यायचं, "मले काय विचारते? समीकरणाले विचार. काढलेल्या किमती त्यात टाक. दोन्हीकडं सारखं आलं का ते हो म्हणते."

एकदा मी मोठ्या ऐटीत ताळा करून दाखवला. त्यांनी वही न बघताच विचारलं, "कोणत्या समीकरणात टाकलं?"

"पहिल्या."

"अन् वाय कोणत्यातून काढला?"

"पहिल्याच."

"मंग ते त हो म्हणनच ना! आपल्या घरचं माणूस कवा नाई म्हणते काय? दुसऱ्याले विचार."

दुसरं नाही म्हणालं.

एवढं सगळं शिकवणाऱ्या बाई स्वतः किती घाबरट होत्या, ते मी रोज पाहत होते. गॅसचं बटण तपासायच्या, ऑर्डर आली का म्हणून फोन तपासायच्या, आणि कुलूप तर होतंच. धीर करून मी एकदा विचारलं, "बाई, तुम्हाला पण भीती वाटते?"

"वाटते ना. भेव वाटलं का पाह्याचं. पाह्यलं का भेव काही जात नाई, पण रस्ता मोकळा होते."

बोर्डाचा पेपर तोंडावर आला आणि त्यांची ऑर्डर आली. एटापल्लीच्या पलीकडची आश्रमशाळा, लगेच रुजू व्हायचं. घरी सगळे म्हणाले, बाईंचं नशीब उघडलं. मला रात्री जेवण गेलं नाही. आता बरोबर कोण म्हणणार? मी म्हटलं, गणितं सोडवून मोबाईलवर फोटो पाठवत जाईन.

"नोको पाठवू," बाई म्हणाल्या. "तिथी रेंज नाई. अन् असती तरी म्या पाह्यलं नसतं."

स्टँडवर मी त्यांची पिशवी घेऊन गेले. गाडी सुटायच्या बेताला आली आणि त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं. चेहरा पांढरा पडला होता. "कुलूप ओढून पाह्यलं का वं मी?"

"पाहिलं, बाई! दोनदा!" मी ओरडले. फलाटावरचे लोक वळून बघायला लागले. इतक्या मोठ्याने मी त्याआधी चारचौघांत कधी बोलले नव्हते.

बाईंचा जीव भांड्यात पडला. "चल," त्या म्हणाल्या.

या वेळी त्यांनी खरंच निरोप दिला होता आणि मी जागची हलले नाही.

पेपरात ते गणित आलंच. किमती निघाल्या, छान पूर्णांकात. मी सवयीने मान वर केली. समोर पर्यवेक्षक जांभई देत होते. मग किमती पहिल्या समीकरणात टाकल्या. हो. दुसऱ्यात टाकल्या. नाही. एकेक ओळ मागे गेले. वजाचं चिन्ह दारात उभं होतं आणि मी घरातल्या एकाचं तोंड फिरवायला विसरले होते. ते फिरवलं. पुन्हा ताळा केला. दोन्ही समीकरणं हो म्हणाली. वर न बघता मी पान उलटलं.

फाटकाबाहेर बाबा स्कूटर घेऊन उभे होते. "कसा गेला?" त्यांनी भीत भीत विचारलं.

"बाकीचं माहीत नाही. एक गणित बरोबर आहे."

"कोणी सांगितलं?"

मी त्यांच्याकडून फोन घेतला आणि बाईंचा नंबर लावला. संपर्क क्षेत्राबाहेर. पुन्हा लावला. बाबा म्हणाले, "काही विचारायचं राहिलं का?"

विचारायचं काहीच नव्हतं. आज पहिल्यांदा नुसतं सांगायचं होतं. मी परत नंबर लावला.