मागचे गिअर आणि यमुनाबायची वॉरंटी

गॅरेजात गाड्या राहत नाहीत, किस्से राहतात. गाडी झाली की मालक घेऊन जातो. पण ती आणताना तो जे काय बोलला, ते इथंच पडून राहतं. रेवसच्या रस्त्याला माझं आणि हमीदचाचांचं गॅरेज आहे. चाचा उस्ताद, मी भागीदार. पिकअपच्या मागच्या एक्सलचे गिअर बदलायचं काम आम्ही घ्यायला लागलो, तेव्हापासून तर किश्श्यांना तोटाच नाही. आणि प्रत्येक किश्श्यात ती वॉरंटी येऊन बसतेच!

* * *

सुरुवात यमुनाबायपासून. नवरा बोटीवर, ही पिकअपवर. धक्क्यावरून मासळी भरायची आणि स्वतः चालवत बाजारात न्यायची. जुन्या टेम्पोवर वीस वर्षं काढली, मग नवी कोरी पिकअप घेतली. सपाट रस्त्यावर वाऱ्यासारखी पळायची, पण धक्क्यावरून वर येणारा तो ओला, शेवाळलेला चढ आला की बर्फ आणि मासळीच्या वजनाने मध्येच दम टाकायची. आठ महिन्यांत क्लच प्लेट जळली.

चाचांनी प्लेट बदलली, जळकी प्लेट तिच्या हातात ठेवली आणि म्हणाले, "बाय, पुन्हा जळेल. मागच्या दोन चाकांच्या मध्ये तो लोखंडी गोळा दिसतो ना, त्यातले गिअर बदल. वेग जरा कमी होईल, ओढ वाढेल."

"मना काय शर्यत खेलायची हाय? बदला!"

मी म्हटलं, "मावशी, वॉरंटी आहे अजून. शोरूमला विचारून घ्या."

तिने तिथूनच फोन लावला, स्पीकरवर. पलीकडे सर्व्हिस ॲडव्हायझर. "मॅडम, बाहेर गिअर बदलले तर वॉरंटी जाईल."

"मग तुमी बदलून द्या."

"आम्ही नाही बदलत, मॅडम. कंपनीने विचार करूनच बसवलेत."

"बरा! मग कंपनीला सांगा, आमचा चढ बदलून द्या!"

फोन कट. यमुनाबायने चावी चाचांच्या हातात दिली.

* * *

यमुनाबायची गाडी चढायला लागली ही बातमी दिवेआगरपर्यंत गेली. तिथले एक काका नारळ-सुपारीची पोती घेऊन घाट चढायचे. त्यांनीही गिअर बदलून घेतले. चाचांनी बजावलं होतं, "आता मीटर जास्त दाखवेल. मीटर दुरुस्त करून घ्या, नाहीतर किलोमीटरही जास्त पडतील आणि वॉरंटी लवकर संपेल."

काकांनी नुसतं "हो हो" केलं.

आठवड्याने काकू गॅरेजात आल्या, सोबत सोललेले चार नारळ. "चाचा, ते मीटर दुरुस्त करू नका हो!"

"का बरं?"

"हे पूर्वी ऐंशीच्या खाली यायचेच नाहीत. आताही काटा ऐंशीवरच असतो, पण मागून रिक्षा पुढे जाते. लग्नाला एकतीस वर्षं झाली, यांच्या गाडीत मला पहिल्यांदा झोप लागली!"

* * *

हरिहरेश्वरला लॉज चालवणारा एक माणूस आला. मोठाले टायर, वर दिव्यांची रांग. गाडी आत घेतली आणि आधी शटर अर्धं खाली ओढलं.

"चाचा, गिअर बदला. पण बिल नको, फोटो नको. नटांना जुनाच रंग मारा. शोरूमला कळता कामा नये."

चाचा प्रत्येक कामाचा फोटो काढतात. कुठला गिअर काढला, कुठला घातला, बिलावर आपल्या सहीने लिहून देतात. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला, उठले आणि शटर पूर्ण वर केलं.

"शेठ, इथे गिअर बदलतात. चोरी करायची तर दुसरीकडे जावा."

तो माणूस तणतणत गेला. मी म्हटलं, "चाचा, मोठं गिऱ्हाईक गेलं."

चाचा म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं. सही राहिली ना?"

* * *

मग यमुनाबायच्या पिकअपच्या खिडकीची काच अडकली. बटण दाबलं तरी मोटर हलेना. ती शोरूमला गेली, मला सोबत नेलं. ॲडव्हायझरने दाराकडे पाहिलंच नाही, सरळ गाडीखाली वाकला आणि नटांचा उडालेला रंग पाहिला.

"मागचे गिअर बदललेत. वॉरंटी बाद."

"दादा, काच मागच्या चाकानं खाली येते?"

"मॅडम, नियम आहे."

"मग लिवून द्या. मागचे गिअर बदलले म्हनून काच उघडत न्हाय. खाली सही करा."

तो मॅनेजरकडे गेला. मॅनेजर बाहेर आला. त्यानेही सांगून पाहिलं. यमुनाबायचं एकच, "लिवून द्या." तेवढं मात्र कुणी लिहीना!

तासाभरात नवी मोटर बसली, वॉरंटीतच.

* * *

काच सुटली तशी बायने पिशवीतून ती जळकी क्लच प्लेट काढून टेबलावर ठेवली. "ही गिअर बदलायच्या आधी धक्क्याच्या चढावर जलली. हिचा काय?"

मॅनेजर हसला. "मावशी, गाडीत दोष नाही. त्या चढावर आमची गाडी आरामात चढते. चालवायला यायला पाहिजे."

बाय हसली नाही. "उद्या ओहोटीला धक्क्यावर आना. नवी गारी, तुमचाच डायव्हर. चढली तर पुन्हा तुमच्या दारात येनार न्हाय."

आले खरंच! फुगे लावलेली टेस्ट ड्राइव्हची पिकअप, शोरूमचा डायव्हर, बाजूला मॅनेजर. सगळा कोळीवाडा जमला. बाय रोज भरते तेवढेच क्रेट मोजून भरले. गाडी अर्ध्या चढापर्यंत गेली, घुरघुरली आणि मागे सरकायला लागली. पोरांनी धावत जाऊन चाकांखाली दगड लावले. मॅनेजरने डायव्हरला उतरवलं आणि स्वतः बसला. या वेळी दगडापुढे हातभर गेली, मग जळका वास सुटला. फुगे मात्र छान हलत होते.

कुणी हसलं नाही. सगळे यमुनाबायकडे बघत होते.

तिची पिकअप वरच्या अंगाला उभी होती, मागे बर्फाच्या लाद्या भरलेली. तिने बोटीचा जाड दोर काढला, एक टोक आपल्या गाडीला बांधलं, दुसरं त्यांच्या गाडीला. खिडकीतून ओरडली, "सायेब, पहिल्यात टाका आनि ब्रेकवरून पाय काढा!"

इंच इंच करत दोन्ही गाड्या वर आल्या.

वर पोचल्यावर मॅनेजर घाम पुसत खाली उतरला. यमुनाबाय दोर गुंडाळत त्याच्याजवळ गेली आणि अगदी काळजीने विचारलं,

"सायेब, तुमची गारी वर खेचली म्हनून माजी वॉरंटी तं न्हाय ना गेली?"